लहान स्वयंपाकघराची मांडणी आणि वाया जाणारे अन्न

अन्न टाकू नये, हे मराठी घरात कोणाला नव्याने शिकवावे लागत नाही. तरीही त्याच घरातील फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात चार दिवसांपूर्वीची आमटी सापडते, कोथिंबिरीची जुडी प्लास्टिकच्या पिशवीतच पाणी सोडून काळी पडते आणि रात्रीचा भात सकाळी ओला कचरा म्हणून खाली जातो. यात संस्कार कमी पडलेले नसतात. जिन्नस डोळ्यांआड गेलेले असतात, मापे ठरलेली नसतात आणि भांडी गरजेपेक्षा मोठी असतात. मुंबईतील वन-रूम-किचनमध्ये किंवा दोन खोल्यांच्या घरात नवा संसार मांडणाऱ्यांनी, तसेच नोकरीसाठी येथे येऊन पहिल्यांदाच स्वतःचा स्वयंपाक करणाऱ्यांनी ही मांडणी टप्प्याटप्प्याने कशी सुधारावी, हे येथे क्रमाने दिले आहे. त्यासाठी मोठा खर्च किंवा मॉड्युलर किचन लागत नाही.

प्रश्नाचा आकार लक्षात यावा म्हणून एकच आकडेवारी देतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून गेले. भारतातील घरांसाठी हा अंदाज दरडोई वर्षाला ५५ किलो, म्हणजे दिवसाला सुमारे दीडशे ग्रॅम इतका आहे. या आकड्यात साली आणि हाडे असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत, त्यामुळे तो जसाच्या तसा आपल्या घराला लावू नये. आपल्या घराचा आकडा आपणच काढावा, आणि पहिली पायरी तीच आहे.

१. आठवडाभर केवळ नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये. ओल्या कचऱ्याच्या डब्याशेजारी एक पारदर्शक बरणी ठेवावी आणि खाण्याजोगे असूनही टाकावे लागलेले अन्न दिवसभर त्यात जमा करावे; साली, देठ व चहाचा चोथा नेहमीप्रमाणे डब्यात जाऊ द्यावा. रात्री बरणी रिकामी करण्यापूर्वी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जेथे अनेक घरांत दुधाचे खाडे लिहिले जातात त्याच चौकटीत, काय टाकले व ते अंदाजे किती वाट्या होते हे लिहावे. त्यापुढे कारणाचे एक अक्षर टाकावे: विसरल्यामुळे खराब झाले असेल तर ‘वि’, जास्त शिजवले असेल तर ‘ज’, ताटात उरले असेल तर ‘ता’ आणि घरी आणले तेव्हाच किडके किंवा शिळे निघाले असेल तर ‘बा’, म्हणजे बाजार.

ही अक्षरे पोरखेळ वाटतील, परंतु पुढचे सर्व निर्णय त्यांवरच अवलंबून आहेत. ज्या घरात ‘वि’ अधिक आहेत तेथे फ्रिजची मांडणी बदलावी लागते, ‘ज’ अधिक असतील तर माप ठरवावे लागते, ‘ता’ अधिक असतील तर वाढण्याची पद्धत पाहावी लागते. ही नोंद न करता थेट नवे डबे विकत आणणाऱ्यांच्या घरात बहुधा फक्त डब्यांची संख्या वाढते. नोंद कोणाच्या नावाने करू नये. ‘आईने टाकले’, ‘सुनेने टाकले’ असे लिहिले की तिसऱ्या दिवशी बरणी रिकामी दिसू लागते आणि अन्न गुपचूप बाहेर जाते.

२. फ्रिजची फेरमांडणी

फ्रिजमध्ये बहुतेक घरांत जुन्या काळच्या मडक्यांसारखी उतरंड रचलेली असते: खाली मोठे पातेले, त्यावर स्टीलचा डबा, त्यावर झाकण घातलेली वाटी. खालच्या पातेल्यात काय आहे हे पाहण्यासाठी वरचे दोन जिन्नस काढावे लागत असतील, तर ते पातेले थेट वास येईपर्यंत उघडले जात नाही. उतरंड रचली जाते याचे एक साधे कारण असे की दोन कप्प्यांमधील अंतर आपल्या डब्यांच्या उंचीच्या दुप्पट असते. बऱ्याच फ्रिजमधील कप्पे खालीवर सरकवता येतात, पण फ्रिज घरी आला त्या दिवसापासून ते हलवलेले नसतात. म्हणून प्रथम फ्रिज रिकामा करावा, रोज वापरातील डब्यांची उंची मोजावी आणि एका डब्यावर बोटभर जागा राहील अशा रीतीने कप्पे बसवावेत. कप्पा हलत नसेल तर भांड्यांच्या दुकानात मिळणारी तारेची छोटी घोडी आत ठेवल्यास एका कप्प्याचे दोन होतात.

त्यानंतर डोळ्यांच्या समोर येणाऱ्या कप्प्यात एक उथळ ट्रे ठेवावा आणि त्यावर ‘आधी संपवा’ असे लिहावे. शिजवलेले जे काही उरेल, अर्धा चिरलेला कांदा, फोडलेल्या नारळाची दुसरी वाटी, उघडलेले दह्याचे भांडे, हे सर्व याच ट्रेमध्ये जावे. घरातील कोणीही काही शिजवण्यापूर्वी किंवा मागवण्यापूर्वी आधी हा ट्रे ओढून पाहावा, एवढा एकच नियम घरात ठरवावा. ट्रे लहानच असावा. तो भरला म्हणजे नवीन स्वयंपाक कमी करायचा, हे कोणी न सांगता कळते. मोठा ट्रे आणला तर तो दुसरा अडगळीचा कप्पा होतो.

आता डब्यांविषयी. स्टीलचे डबे टिकाऊ आहेत, पण आतले काही दिसत नाही. सगळे डबे बदलण्याची गरज नाही: जॅम, लोणचे व मधाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या उरलेल्या चटण्या, आमटी व उसळ यांसाठी वापराव्यात, आणि साय, विरजण किंवा इडलीचे पीठ यांसारखे ज्यांची जागा ठरलेली आहे असे जिन्नस स्टीलमध्येच राहू द्यावेत. स्टीलच्या डब्यावर रंगकामात वापरतात ती कागदी चिकटपट्टी लावून बॉलपेनने पदार्थ व वार लिहावा. चिकटपट्टीची गुंडाळी आणि पेन दोन्ही फ्रिजच्या दारावर किंवा शेजारी दोरीने बांधून ठेवावीत; पेन शोधण्यासाठी बाहेरच्या खोलीत जावे लागत असेल, तर चौथ्या दिवशी लिहिणे बंद पडते. तारीख लिहिण्यापेक्षा वार लिहिलेला बरा, कारण ‘मंगळवारची’ म्हटले की किती दिवस झाले याचा हिशेब कोणालाही करता येतो.

जेवण झाल्यावर पातेले तसेच फ्रिजमध्ये ढकलण्याची सवय मात्र मोडावी. दोन वाट्या आमटीने पाच वाट्यांची जागा अडवली की मागचे जिन्नस झाकले जातात आणि थंड हवा फिरण्यासही अडथळा येतो. फ्रिजच्या आतील तापमान ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि फ्रीझरचे उणे १८ अंश असावे. दार हा सर्वांत कमी थंड भाग असल्यामुळे तेथे लोणची, सॉस व पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात आणि दुधाच्या पिशव्या आतल्या कप्प्यात ठेवाव्यात.

फ्रीझरमध्ये उभी मांडणी उपयोगी पडते. खवलेले ओले खोबरे, वाटण किंवा सोललेले मटार जाड पिशवीत भरून, हवा काढून, हाताने दाबून वहीसारखे सपाट करावे आणि आडवे गोठवावे. गोठल्यानंतर ते कपाटातील वह्यांप्रमाणे उभे लावले की प्रत्येकावरची पट्टी वाचता येते. सपाट थर लवकर विरघळतो आणि हवा तेवढाच तुकडा मोडून घेता येतो. खोबऱ्याचा गोळा करून गोठवणाऱ्यांना बत्ता शोधावा लागतो.

३. फ्रिजबाहेरची जागा

आपल्याकडील जुन्या घरांत छताला टांगलेले शिंकाळे आणि जाळीचे फडताळ असे. मांजर, मुंग्या व उष्णता यांपासून अन्न वाचवत असतानाच ते सतत नजरेसमोर ठेवण्याची सोयही त्यात होती. आजच्या फ्लॅटमध्ये ओट्याच्या वरच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या गजांपासून हातभर आत एक लोखंडी दांडी बसवून त्यावर दोन-तीन तारेच्या टोपल्या टांगल्या, तर तीच सोय पुन्हा मिळते. एका टोपलीत कांदे आणि शक्य तितक्या दूरच्या टोपलीत बटाटे ठेवावेत, कारण एकत्र ठेवल्यास दोन्ही लवकर खराब होतात. बटाट्यांच्या टोपलीवर जाड कापड टाकावे. उजेड लागला की ते हिरवे पडतात आणि हिरवा भाग खाण्याजोगा नसतो. केळी, पिकते आंबे, सफरचंदे व टोमॅटो यांतून इथिलीन हा फळे पिकवणारा वायू बाहेर पडतो व त्यामुळे पालेभाज्या आणि काकडी लवकर पिवळ्या पडतात, म्हणून फळांची टोपली वेगळ्या बाजूला असावी.

नेदरलँड्समधील आइंडहोवेन येथील डिझाइन अकादमीत शिकलेल्या जिह्यून रियू या कोरियन डिझायनरने अशाच पारंपरिक ज्ञानावर भिंतीवरच्या फळ्यांची एक मालिका तयार केली आहे. एका फळीत ओलसर वाळूत गाजरे उभी खोचलेली असतात, तर दुसरीत बटाट्यांच्या पेटीवर सफरचंदांसाठी खाचा केलेल्या असतात, कारण सफरचंदातून निघणारा वायू बटाट्याला मोड येण्यास अटकाव करतो. या कामातील घेण्यासारखी गोष्ट अशी की कोणता जिन्नस कसा ठेवावा ही माहिती कागदावर न राहता वस्तूच्या आकारातच उतरलेली आहे. खाच पाहिली की सफरचंद कोठे ठेवायचे हे विचारावे लागत नाही. आपल्या टोपल्यांनाही कांदा, बटाटा व फळे यांच्या आकाराप्रमाणे वेगवेगळी रूपे दिली, तर घरातील लहान मूलसुद्धा बाजाराची पिशवी बरोबर रिकामी करते.

बाहेरची प्रत्येक कल्पना मात्र मुंबईत चालत नाही. गुजरातमधील वांकानेर येथील मनसुखभाई प्रजापती यांनी तयार केलेला ‘मिट्टीकूल’ हा मातीचा फ्रिज विजेशिवाय भाजी थंड ठेवतो आणि कोरड्या हवेत तो उत्तम काम करतो. परंतु तो पाण्याच्या बाष्पीभवनावर चालत असल्यामुळे जून ते सप्टेंबर या काळातील आपल्या दमट हवेत त्याचा गारवा फारसा जाणवणार नाही. त्याच दमटपणामुळे पावसाळ्यापूर्वी रवा भाजून ठेवावा, कडधान्ये मे महिन्याच्या उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावीत, आणि डाळी-पिठे महिन्याभराची न आणता पंधरवड्याची आणावीत. टोके झालेली पाच किलो कणीक स्वस्तात मिळाली होती, याला काही अर्थ नाही.

पालेभाजीसाठी पद्धत अशी: घरी आल्यावर जुडीचा दोरा किंवा रबर लगेच काढावा, सडलेली पाने वेगळी करावीत, न धुता जुन्या सुती साडीच्या कोरड्या तुकड्यात सैल गुंडाळावी आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवावी. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये; छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही त्याविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत.

४. पिशवी आणि बाजार

संध्याकाळी दादर स्टेशनबाहेरून जाताना भाजीचा वाटा स्वस्त मिळतो आणि घरी काय शिल्लक आहे हे आठवत नाही. यावर यादीपेक्षा सोपा उपाय म्हणजे सकाळी निघताना उघड्या फ्रिजचा मोबाइलवर एक फोटो काढणे. यादी करायला वेळ लागतो, फोटोला लागत नाही. दुसरा उपाय पिशवीचा: एका वेळी दोन दिवसांची भाजी मावेल एवढीच कापडी पिशवी ऑफिसच्या बॅगेत ठेवावी. मेथीची किंवा अळूची मोठी जुडी दोघांना जड जात असेल, तर ती शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावी.

५. माप, पातेले आणि वाढप

भाताचे माप ठरवण्यासाठी एक वाटी कायमची तांदळाच्या डब्यात ठेवावी आणि ती दुसऱ्या कशासाठीही वापरू नये. तांदूळ शिजल्यावर आकारमानाने साधारण तिप्पट होतो, त्यामुळे अर्धी वाटी जास्त घेतली की दीड वाटी भात उरतो. सलग काही दिवस घेतलेले तांदूळ आणि उरलेला भात पाहून आपल्या घराचे प्रमाण काढावे व ते डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस लिहावे: ‘दोघे, रात्र’, ‘चौघे, रविवार दुपार’ याप्रमाणे. कणकेसाठीही असेच करावे. दोघांच्या घरात सहा जणांचे पातेले ओट्यावर असेल तर डाळ नकळत वाढते. मोठी पातेली पोटमाळ्यावर ठेवून पाहुणे येतील तेव्हाच खाली काढावीत.

वाढण्याच्या बाबतीत भांड्याचा आकार किती परिणाम करतो, याचा प्रयोग नॉर्वेतील हॉटेलांत झालेला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बुफेच्या ताटल्या लहान केल्यावर टाकले जाणारे अन्न सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले, आणि ग्राहक नाराज झाले नाहीत. आपल्या घरात ताटाऐवजी पळी लहान करावी. पंगतीतले ओगराळे चौघांच्या टेबलावर आणण्याचे कारण नाही. आग्रह ही आपली जुनी रीत असून ती सोडा असे कोणत्याही आजीला सांगणे व्यर्थ आहे; परंतु भाजी व भात मधोमध ठेवून ज्याने-त्याने घ्यावे आणि आग्रह गोडाच्या पदार्थापुरता राखून ठेवावा, ही तडजोड बहुधा मान्य होते.

६. उरलेल्याची साखळी

आजचा पदार्थ उद्या कोणत्या रूपात जाणार आहे, हे शिजवण्यापूर्वीच ठरवले तर उरलेले अन्न ओझे वाटत नाही. यासाठी मूळ पदार्थ साधा ठेवावा व फोडणी शेवटी द्यावी. तूरडाळ फक्त हळद-हिंग घालून शिजवली असेल, तर आज तिचे साधे वरण होते, उद्या चिंच-गूळ घालून आमटी आणि त्यानंतर कणकेचे तुकडे सोडून वरणफळे. पहिल्याच दिवशी लसूण-मिरचीची झणझणीत फोडणी दिली तर पुढचे दोन्ही रस्ते बंद होतात. मोड आलेल्या मटकीचेही तसेच: एक दिवस उसळ, उरलेल्या वाटीत पाणी व मसाला वाढवून मिसळीचा कट. भाजी कोरडी असेल तर ती भाजणीत मिसळून थालीपिठे लावावीत. पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी किंवा गूळ-तुपातला लाडू होतोच. दोडक्याच्या शिरा, दुधीची साल, कोथिंबिरीचे देठ यांची चटणी आणि मुळ्याच्या पाल्याची भाजी हे पदार्थ आपल्याकडे आधीपासूनच आहेत. फक्त त्यांच्यासाठी ओट्यावर वेगळी वाटी नसते, म्हणून साल काढली की हात आपोआप कचऱ्याकडे जातो. भाजी चिरताना उजव्या हाताला एक रिकामी वाटी ठेवणे, एवढाच तेथे उपाय आहे.

येथे सावधगिरीही आवश्यक आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात आणि मुंबईची खोली वर्षभर याच टप्प्यात असते. शिजवलेल्या भातात बॅसिलस सिरीअस हा जंतू वाढून जे विष तयार करतो ते पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही, म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊ नये. भात उरणार असे दिसताच तो परातीत पसरून निववावा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी संपवावा आणि गरम करताना आतपर्यंत वाफ येऊ द्यावी. अन्न वाचवण्याच्या हट्टापायी आजारपण ओढवून घेणे ही अधिक महाग नासाडी आहे. शंका आली की टाकावे आणि कॅलेंडरवर ‘वि’ लिहावे.

महिन्याभराने बरणीची नोंद पुन्हा एक आठवडा करावी. एका वेळी एकच बदल केलेला असेल, तर कशाने फरक पडला हे कळते.

७. सोसायटीतील कार्यक्रम

गणेशोत्सवातील महाप्रसाद, सत्यनारायणाची पूजा किंवा गच्चीवरील वाढदिवस येथे घरातील वाटीचे माप चालत नाही. केटरर ताटांच्या संख्येवर ऑर्डर घेतो आणि आयोजक भीतीपोटी ती वाढवून देतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘किती जण जेवणार’ एवढाच प्रश्न दोन दिवस आधी विचारून विंगवार आकडा घ्यावा. मांडणीत भाजी व भात सुरुवातीला, तर तळलेले व गोड शेवटी ठेवल्यास ताट आधीच अशा जड पदार्थांनी भरून जात नाही, तसेच मोठे पातेले एकदम बाहेर न आणता लहान भांड्यांत पुनःपुन्हा भरावे. आत राहिलेले, न वाढलेले अन्न पुढे देता येते. टेबलावर उघडे राहिलेले देता येत नाही.

उरलेले कोठे द्यायचे हे कार्यक्रमापूर्वी ठरवावे, रात्री अकरा वाजता नव्हे. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक, म्हणजे उरलेले अन्न गोळा करून गरजूंना देण्याचा उपक्रम, सुरू केला. माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांच्या पुढाकारानेही रोटी बँक या नावाने काम चालते, आणि रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवकही उरलेले अन्न नेऊन वाटतात. त्यांच्याशी आधी बोलून किती प्रमाणात, किती वाजेपर्यंत आणि कोणते पदार्थ ते नेतात, हे विचारून घ्यावे. अतिरिक्त अन्नाच्या वितरणासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत. आयोजकाने निदान अन्न झाकून, स्वच्छ डब्यांत, पदार्थाचे नाव आणि शिजवल्याची वेळ लिहून द्यावे. ज्याला आपण स्वतः हात लावणार नाही असे अन्न दान म्हणून देऊ नये.

८. राहिलेल्या साली

यानंतरही साली, चोथा व देठे राहतातच. देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून शहराचा कचरा पडत आला आहे. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले होते. सोसायटीत खताचा खड्डा नसेल तर गॅलरीत तळाला व बाजूंना भोके पाडलेला माठ पुरतो. त्यात साली बारीक करून टाकाव्यात आणि प्रत्येक थरावर दुप्पट सुका पाला किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा घालावा. पावसाळ्यात माठ झाकून ठेवावा आणि सुक्याचे प्रमाण आणखी वाढवावे. तेलकट भाजी, मासळीचे काटे आणि ताक-दही त्यात घालू नये, कारण त्यामुळे वास येतो आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येते.